३४३ मतांची उमेदवारी: कॅन्ससची २०१८ची गव्हर्नरपदाची निवडणूक

थॉमस काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हा कॅन्ससच्या वायव्येकडचा गव्हाचा मुलूख. कोल्बी हे त्यातलं मोठं गाव. ७ ऑगस्ट २०१८च्या रात्री तिथल्या निवडणूक कचेरीने रिपब्लिकन प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, मतांचा तक्ता राजधानी टोपीकाला पाठवला. तक्त्यावर जेफ कोलियर यांची मतं होती ५२२. राज्याच्या संकेतस्थळावर ती चढली ४२२. बहुधा घाईत लिहिलेला पाच कुणाला तरी चार वाटला. एरवी अशा चुकीकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण त्या घडीला सबंध राज्यात कोलियर अवघ्या १९१ मतांनी मागे होते. ही शंभर मतं सापडली आणि अंतर ९१वर आलं.

पुढे होते क्रिस कोबाक. ते राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे ज्या खात्याच्या देखरेखीखाली निवडणुका होतात त्याच खात्याचे प्रमुख. खेळाडूही तेच आणि पंचही तेच. कोलियर हे विद्यमान गव्हर्नर. शेवटी फरक ठरला ३४३ मतांचा: कोबाक १,२८,८३२ आणि कोलियर १,२८,४८९. विद्यमान गव्हर्नर घरी बसला. आणि ज्या राज्यात ट्रम्प वीस टक्क्यांनी जिंकले होते, तिथे तीन महिन्यांनी डेमोक्रॅट लॉरा केली गव्हर्नर झाल्या.

हे का झालं याचं झटपट उत्तर सगळ्यांना पाठ आहे: कट्टर मतदारांनी आपलाच पक्ष बुडवला. मला ते अर्धंच पटतं. बाकीचं अर्धं शोधण्यासाठी हे प्रकरण मुळापासून उलगडावं लागेल.

त्याआधी शब्दांचं बघू. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो मुख्यमंत्र्याच्या जागी असतो आणि लोक त्याला थेट निवडतात. आमदारांच्या बेरजेवर त्याची खुर्ची टिकत नाही की जात नाही; रातोरात आमदार हलवून तिथे काही साधत नाही. दुसरं म्हणजे कॅन्ससच्या रिपब्लिकन पक्षातल्या दोन गटांना इंग्रजीत जी नावं आहेत, मॉडरेट आणि कॉन्झर्व्हेटिव्ह, त्यांच्यासाठी मराठीत मवाळ आणि जहाल हे शब्द आयतेच आहेत. लोकमान्यांच्या काळचा संदर्भ वेगळा होता, पण एकाच मांडवात बसून एकमेकांकडे पाठ फिरवण्याची तऱ्हा तीच. म्हणून पुढे तेच शब्द वापरतो.

एका राज्यातले तीन पक्ष

कॅन्ससने १९३२नंतर एकही डेमोक्रॅट सिनेटर वॉशिंग्टनला पाठवलेला नाही. १९६४नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटला कौल दिलेला नाही. तरीही गव्हर्नरच्या खुर्चीत डेमोक्रॅट अधूनमधून बसत आले. कारण या राज्यात कागदावर दोन पक्ष असले तरी व्यवहारात तीन आहेत: मवाळ रिपब्लिकन, जहाल रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट. तिघांपैकी कुठलेही दोन एकत्र आले की तिसरा पडतो. तिथल्या राजकारणाचं गणित बहुतेक वेळा इतकंच असतं.

जहाल गट कधी उभा राहिला, याला बऱ्यापैकी नेमकी तारीख आहे. १९९१च्या उन्हाळ्यात विचिटा शहरात गर्भपातविरोधी कार्यकर्त्यांनी सहा आठवडे आंदोलन केलं. दवाखान्यांच्या दारात माणसं आडवी पडली, अडीच हजारांहून जास्त अटका झाल्या, शेवटी विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये प्रचंड सभा झाली. बाहेरून आलेले आंदोलक गेले. स्थानिक लोक मात्र घरी जाऊन बसले नाहीत. पुढच्या ऑगस्टच्या प्रायमरीत त्यांनी पक्षाची सगळ्यात खालची, कुणालाही नको असलेली पदं लढवली. कॅन्ससमध्ये प्रत्येक मतदान विभागातून पक्षाचा एक पुरुष आणि एक स्त्री प्रतिनिधी निवडला जातो. ना पगार, ना मान. कित्येक ठिकाणी अर्जच येत नसत. चर्चमधून आलेल्या या मंडळींनी ते भरले, आणि विचिटाच्या सेजविक काउंटीतला पक्ष त्यांच्या हाती आला.

वैचारिक मतदार म्हणजे टीव्हीसमोर बसून ओरडणारा माणूस, हे चित्र इथे चालत नाही. मंगळवारी संध्याकाळी सातच्या कंटाळवाण्या बैठकीला जो न चुकता येतो, तो हा. ज्याला पक्षात आपण ‘सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता’ म्हणतो, तो तिथे विचाराचा होता. आणि सतरंजी आपलीच आहे हे त्याने ठरवलं होतं.

यश लगेच मिळालं नाही. १९९८ला मवाळ गव्हर्नर बिल ग्रेव्ह्ज यांना प्रायमरीत आव्हान द्यायला प्रदेशाध्यक्ष डेव्हिड मिलर स्वतः उतरले आणि जवळपास तीनास एक अशा फरकाने आपटले. २००२ला जहालांचे टिम शॅलनबर्गर प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅट कॅथलीन सिबेलियस यांच्याकडून हरले. २००६ला जिम बार्नेट यांचंही तेच झालं. त्या वेळी सिबेलियस यांच्यासोबत उपगव्हर्नर म्हणून उभे होते मार्क पार्किन्सन, जे काही वर्षांपूर्वी रिपब्लिकन पक्षाचेच प्रदेशाध्यक्ष होते! मवाळ पाण्यासारखा असतो, वाट बंद केली की दुसरीकडून जातो, हे तेव्हाच दिसलं होतं. पण ते कुणी मनावर घेतलं नाही, कारण २०१०ला सॅम ब्राउनबॅक आले आणि सगळंच फिरलं.

ब्राउनबॅक हे जहालांचे खरे नायक. २०१२ला त्यांनी आयकर जोरात कापला; भागीदारी, एकल मालकी अशा व्यवसायांच्या उत्पन्नावरचा राज्याचा कर तर शून्यावर आणला. तीन लाखांहून अधिक लोक त्या सवलतीत बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहालांनी राज्याच्या सिनेटमधले आठ-नऊ मवाळ रिपब्लिकन प्रायमरीत पाडले, त्यात सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह मॉरिसही होते. पैसा उद्योजकांच्या संघटनांचा आणि विचिटाच्याच उद्योगपती कोक बंधूंच्या गोतावळ्यातला. पण दारोदार फिरणारे पाय वीस वर्षांपूर्वीच्या त्या बैठकांतले.

मग तिजोरी आटली. २०१४ला मूडीज आणि स्टँडर्ड अँड पूअर्स या दोन्ही संस्थांनी राज्याची पत खाली आणली. २०१५च्या वसंतात काही शाळांनी पैशाअभावी वर्ष ठरल्या तारखेआधीच संपवलं. कॉन्कॉर्डिया हे त्यातलं एक गाव. कॅन्ससच्या छोट्या गावात शाळा म्हणजे शुक्रवारी रात्रीचा फुटबॉल, मतदान केंद्र, बर्फ पडल्यावरचा आसरा, सगळं काही. कर कमी झाला म्हणून खूश असलेल्या शेतकऱ्यालाही ते लागलं. २०१६च्या प्रायमरीत मवाळ परत आले आणि जून २०१७मध्ये विधिमंडळाने ब्राउनबॅक यांचा नकाराधिकार मोडून करकपात गुंडाळली. राज्याच्या सिनेटमध्ये २७ विरुद्ध १३, कनिष्ठ सभागृहात ८८ विरुद्ध ३१. दोन्हीकडे रिपब्लिकन बहुमत असताना.

जानेवारी २०१८मध्ये ब्राउनबॅक धार्मिक स्वातंत्र्याचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. अमेरिकेच्या सिनेटमधली ती नेमणूकसुद्धा उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने तरली. मागे उरले त्यांचे उपगव्हर्नर, प्लास्टिक सर्जन जेफ कोलियर. ३१ जानेवारीला शपथ घेतली आणि प्रायमरीपर्यंत हातात सहा महिने.

डॉक्टर आणि जीपवाला

आता गंमत बघा. कोलियर मवाळ नव्हते. गर्भपात, बंदुका, कर या तिन्ही बाबतींत ते जहालांच्याच पठडीतले. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या गर्भपातविरोधी संघटनेने त्यांना पाठिंबा दिला. बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय रायफल असोसिएशननेही त्यांनाच दिला. माजी सिनेटर बॉब डोल यांच्यासारखं कॅन्ससचं दैवत त्यांच्या मागे उभं राहिलं. म्हणजे विचाराचं प्रमाणपत्र देणाऱ्या जितक्या संस्था, त्यांचे शिक्के कोलियर यांच्याकडे.

तरी वैचारिक मतदारांचा जीव कोबाकवर. का?

कोबाक हार्वर्ड, ऑक्सफर्ड, येल असा प्रवास केलेले वकील. २०१०चा ॲरिझोनाचा स्थलांतरितांविरुद्धचा गाजलेला कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात. कॅन्ससमध्ये त्यांनी मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा केला: जन्मदाखला किंवा पासपोर्ट दाखवा, मगच नाव लागेल. ३० हजारांहून जास्त अर्ज त्यात अडकले. जून २०१८मध्ये, म्हणजे प्रायमरीला दोन महिनेही नसताना, फेडरल न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी तो नियम रद्द केला. वर कोबाकना कायद्याच्या शिक्षणाचे सहा जादा तास पूर्ण करण्याचा आदेश दिला, कारण खटला त्यांनी स्वतः चालवला होता आणि तो धड चालवला नव्हता. येलच्या पदवीधराला शाळेत परत पाठवल्यासारखं झालं.

दुसऱ्या कुणाची यात नाचक्की झाली असती. कोबाक यांच्या मतदारांनी ती पदकासारखी पाहिली. त्याच महिन्यात शॉनी गावच्या मिरवणुकीत ते अमेरिकन झेंड्याच्या रंगात रंगवलेल्या जीपमधून फिरले. जीपच्या मागच्या भागात खरीच वाटावी अशी खोटी मशीनगन बसवलेली. रस्त्याच्या कडेला आईबापांसोबत मुलं उभी होती. लोकांनी तक्रारी केल्या, गावाच्या प्रशासनाने माफी मागितली. कोबाकनी मागितली नाही, उलट टीका करणाऱ्यांचीच खिल्ली उडवली.

मला वाटतं या प्रकरणाची किल्ली त्या जीपमध्ये आहे. धोरणांच्या यादीत कोलियर आणि कोबाक यांच्यात फार तर स्थलांतराच्या मुद्द्यावर अंतर होतं. पण १९९१पासून रस्त्यावर असलेल्या मतदाराने एक धडा चांगला गिरवला होता: आपल्या बाजूने मत देणारे पुष्कळ असतात, आपल्यासाठी शिव्या खाणारे थोडे. ग्रेव्ह्ज यांच्या काळात ‘निवडून येण्याजोगा’ उमेदवार हवा म्हणून त्याला गप्प बसवलं गेलं होतं. या शब्दाचीच त्याला ॲलर्जी. विचारनिष्ठ मतदार विचारच तपासतो असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो निष्ठा तपासत असतो, आणि निष्ठा मोजण्याचं माप म्हणजे विरोधकांनी किती राग केला. त्या मापात सौम्य बोलणारा सर्जन कुठे टिकणार?

६ ऑगस्टला, मतदानाच्या आदल्या दिवशी, ट्रम्प यांनी ट्विट करून कोबाकना पाठिंबा दिला. पक्षातल्या धोरणी लोकांनी ‘यात पडू नका’ म्हणून त्यांना गळ घातल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ३४३ मतांच्या निकालात त्या एका ट्विटचं वजन काढायला तराजू लागत नाही.

दार किती रुंद

पण ट्रम्पना आणि जीपला सगळं श्रेय दिलं तर नियमांवर अन्याय होईल. कोबाक जिंकले ते जितके भावनेने, तितकेच तीन कोरड्या नियमांमुळे.

कॅन्ससची प्रायमरी बंद दाराची. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्याला रिपब्लिकन मतपत्रिका मिळत नाही, आणि नोंदणी बदलायची तर ती जूनच्या सुरुवातीपूर्वी. कुठल्याच पक्षात नाव नसलेला मतदार त्या दिवशी नाव लावून मत देऊ शकतो, पण सुट्टीच्या ऑगस्टमध्ये तो कशाला येतोय? दुसरं, तारीखच ऑगस्टची. गहू निघालेला, शाळा उघडायच्या बेतात, ऊन रणरणतं. अशा वेळी जो येतो तो मुद्दाम येतो. तिसरं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: दुसरी फेरी नाही. जॉर्जियासारख्या राज्यात कुणालाच ५० टक्के नसतील तर पहिल्या दोघांची पुन्हा गाठ पडते. कॅन्ससमध्ये ज्याला जास्त मतं तो जिंकला, मग टक्केवारी काहीही असो.

कोबाक यांची टक्केवारी होती ४०.६. कोलियर यांची ४०.५. उरलेली मतं गेली इतरांकडे: साधारण २८ हजार जिम बार्नेट यांना, पंचवीसेक हजार विमा आयुक्त केन सेल्झर यांना. बार्नेट म्हणजे तेच २००६चे. तेव्हा त्यांना जहाल म्हणायचे, बारा वर्षांत पक्ष इतका सरकला की ते आपोआप मवाळांचे उमेदवार झाले. उपगव्हर्नरपदासाठी त्यांनी जोडीला घेतलं होतं स्वतःच्या बायकोला, इतके ते एकटे पडले होते. या मतांतली थोडीशी जरी दुसऱ्या फेरीत कोलियर यांच्याकडे वळली असती, आणि बार्नेट यांचे मतदार कोबाककडे वळण्याची शक्यता कमीच होती, तर हे प्रकरण लिहायचं कारणच उरलं नसतं.

राज्यात नोंदलेले मतदार सुमारे १८ लाख. त्यातल्या जेमतेम सात टक्क्यांनी उमेदवार ठरवला. (याच प्रायमरीत सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगाही उभा होता. तेव्हाच्या कॅन्ससच्या कायद्यात गव्हर्नरपदासाठी किमान वयच नव्हतं. मत देण्याचं वय नाही, पण राज्य चालवण्याचं आहे!)

त्यानंतरचा आठवडा बघण्यासारखा होता. जॉन्सन काउंटीत नव्या यंत्रांनी मान टाकल्यामुळे मोजणीला आधीच उशीर झाला होता. कोलियर यांनी कोबाकना पत्र लिहून सांगितलं की तुमचं खातं काउंट्यांना टपाली मतांबद्दल कायद्याशी न जुळणाऱ्या सूचना देत आहे, तुम्ही यातून बाजूला व्हा. कोबाक आधी म्हणाले गरज नाही, मग १० ऑगस्टला बाजूला झाले आणि सूत्रं त्यांच्याच उपप्रमुखाकडे गेली. काउंट्यांमध्ये छाननी मंडळं एकेक वादग्रस्त पाकीट उचलून बघत होती: सही जुळते का, टपालाचा शिक्का मतदानाच्या मंगळवारपर्यंतचा आहे का, पक्ष नोंदवलेला आहे का. पडद्यावर देशाच्या राजकारणाच्या गप्पा, आणि टेबलावर पाकिटावरची सही. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी कोलियर यांनी हार मान्य केली. फेरमोजणी मागितली नाही, कोर्टात गेले नाहीत, कोबाकना पाठिंबाही दिला. आज मागे वळून पाहताना तो सभ्यपणा वेगळ्याच काळातला वाटतो.

नोव्हेंबरची बेरीज

डेमोक्रॅटांकडेही वैचारिक मतदार होतेच. त्यांच्या प्रायमरीत जोश स्वेटी नावाचा एल्सवर्थकडचा तरुण शेतकरी उभा होता, माजी कृषिमंत्री, बोलायला तयारीचा, गावाकडची मतं खेचेल असा. पण आमदार असताना त्याने गर्भपाताच्या विरोधात मतं दिलेली. ते त्याला भोवलं. विचिटाचे माजी महापौर कार्ल ब्रूअरही मागे पडले. केली निम्म्याहून जास्त मतांनी आल्या, आणि त्यासुद्धा डाव्या मतदाराच्या स्वप्नातल्या नव्हत्या: २०११च्या मतदार ओळखपत्राच्या कायद्याला, कोबाक यांच्याच कायद्याला, त्यांनी सिनेटमध्ये बाजूने मत दिलं होतं. त्यावरून त्यांना प्रायमरीत टोमणे ऐकावे लागले. पण हरून हरून शहाण्या झालेल्या पक्षाचा कार्यकर्ता कुठे डोळा झाकायचा ते जाणतो.

केली यांच्या प्रचारात मुद्दा एकच, शाळा. ब्राउनबॅक हे नाव त्या दर दोन वाक्यांनी घेत. आणि कोबाक त्यांना हवं तेच देत होते, कारण करकपात परत आणू असं ते उघड सांगत होते. ६ ऑक्टोबरला ट्रम्प टोपीकात सभा घेऊन गेले. दुसरीकडे मवाळांची रांग लागली: माजी गव्हर्नर बिल ग्रेव्ह्ज, माजी गव्हर्नर माइक हेडन, माजी सिनेटर नॅन्सी कासेबॉम. सगळे आयुष्यभराचे रिपब्लिकन, सगळे केली यांच्या बाजूने. तिसरा एक भिडू होता ग्रेग ऑर्मन, अपक्ष, पैसेवाला. तो केलींची मतं खाईल या भीतीने डेमोक्रॅटांनी त्याच्या अर्जावरच्या सह्यांनाच आव्हान दिलं आणि तोंडघशी पडले. ऑक्टोबर संपता संपता ऑर्मनचा स्वतःचा खजिनदारच त्याला सोडून केलींकडे गेला.

निकाल: केली ४८ टक्के, कोबाक ४३, ऑर्मन साडेसहा. मतांत ५,०६,७२७ आणि ४,५३,६४५.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. २०१४ला ब्राउनबॅक जिंकले तेव्हा त्यांना मिळाली होती सुमारे ४ लाख ३३ हजार मतं. म्हणजे हरलेल्या कोबाकनी जिंकलेल्या ब्राउनबॅकपेक्षा वीस हजार मतं जास्त घेतली. जहाल मतदाराने दगा दिला नाही, आळस केला नाही. तो आला, भरभरून आला. पण त्याच चार वर्षांत समोरच्या बाजूला एक लाखाहून जास्त मतं वाढली. ज्या माणसाला बघून आपल्या माणसांच्या अंगात येतं, त्याला बघून दुसऱ्यांच्याही अंगात येतं, हा हिशेब ऑगस्टच्या बंद दारामागे कुणी मांडतच नाही.

ती मतं कुठून आली? मुख्यतः कॅन्सस सिटीच्या उपनगरांतून, जॉन्सन काउंटीतून. श्रीमंत, शिकलेली, पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन काउंटी. त्याच दिवशी तिथूनच शारिस डेव्हिड्स यांनी विद्यमान रिपब्लिकन खासदाराला पाडलं. ओव्हरलँड पार्क, ओलेथ ही नावं आपल्याकडच्या कित्येक घरांत फोनवर ऐकू येतात. गार्मिनचं मुख्यालय ओलेथला, आणि भारतीय अभियंत्यांची वस्ती आसपास. फेब्रुवारी २०१७मध्ये ओलेथच्या एका बारमध्ये गार्मिनच्या एका भारतीय अभियंत्याला गोळ्या घालून मारलं गेलं. मारेकरी ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडल्याचं साक्षीदारांनी सांगितलं. त्या खुनाचा आणि निवडणुकीचा थेट धागा जोडणं खोटेपणाचं होईल, आणि तिथल्या पुष्कळ भारतीयांना मतदानाचा हक्कही नव्हता. पण स्थलांतरितांविरुद्धचे कायदे लिहिण्यावर हयात घालवलेला उमेदवार मत मागायला आला, तेव्हा त्यांच्या शेजारपाजारच्या गोऱ्या मतदाराला ‘स्थलांतरित’ म्हणजे मुलांच्या शाळेत भेटणारं एखादं ओळखीचं कुटुंब होतं, एवढं म्हणता येईल.

आणखी एक पुरावा त्याच मतपत्रिकेवर आहे. ॲटर्नी जनरल (राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी), खजिनदार, सेक्रेटरी ऑफ स्टेट, विमा आयुक्त: सगळीकडे रिपब्लिकनच निवडून आले. राज्याने पक्ष बदलला नव्हता. लाखभर माणसांनी एकाच रकान्यात वेगळी खूण केली होती.

हरलं कोण?

इथे झटपट उत्तर अर्धवट ठरतं. कट्टर मतदारांनी खुर्ची घालवली हे खरं, पण त्यांची हार झाली का?

ज्या ऑगस्टमध्ये कोबाक ३४३ मतांनी जिंकले, त्याच ऑगस्टमध्ये विधिमंडळातले बरेच मवाळ आमदार जहालांनी प्रायमरीत पाडले. डिसेंबर २०१८मध्ये बार्बरा बॉलियर, डायना साइक्स, स्टेफनी क्लेटन आणि जॉय कोस्टन या जॉन्सन काउंटीच्या चार मवाळ लोकप्रतिनिधींनी पक्षच सोडला आणि त्या डेमोक्रॅट झाल्या. डेमोक्रॅटांनी पेढे वाटावेत अशी बातमी. पण ज्यांनी पुढच्या प्रायमरीत मवाळाला मत दिलं असतं, तेच दाराबाहेर गेले. मागे उरलेला पक्ष आणखी घट्ट झाला. केली यांनी पहिल्या दिवसापासून मागितलेला मेडिकेडचा विस्तार, गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत मंजूर झालाच नाही. ब्राउनबॅक यांच्या काळात, २०१७ला, तेच विधेयक विधिमंडळातून पास झालं होतं आणि नकाराधिकार मोडायला कनिष्ठ सभागृहात तीन मतं कमी पडली होती. तेव्हा गव्हर्नर आडवा होता. आता गव्हर्नर तयार आणि विधिमंडळ आडवं.

२०२०ला कोबाक सिनेटच्या प्रायमरीत उतरले तेव्हा पक्षाच्या मंडळींनी सगळी ताकद रॉजर मार्शल यांच्यामागे लावली आणि कोबाक सपाटून हरले. ट्रम्प त्या वेळी गप्प राहिले. ठेच लागली, शहाणे झाले असं वाटलं. २०२२ला गव्हर्नरपदासाठी शहाणा उमेदवारही दिला: डेरेक श्मिट, शांत, नेटका, तीन वेळा ॲटर्नी जनरल झालेला. जीप नाही, मशीनगन नाही. तर डेनिस पायल नावाचे जहाल सिनेटर ‘हा पुरेसा सनातनी नाही’ म्हणून पक्ष सोडून सह्या गोळा करून अपक्ष उभे राहिले. केली दुसऱ्यांदा जिंकल्या, सुमारे २२ हजारांनी. पायल यांना मतं पडली वीसेक हजार. त्यांची सगळी मतं श्मिट यांना मिळाली असती तरी थोडं कमीच पडलं असतं, पण त्या दोन हजारांत कुणालाच रस नव्हता; दोष पायल यांच्या माथी बसायचा तो बसलाच. २०१८ला कट्टर मतदाराने मनासारखा उमेदवार निवडून हार पत्करली, २०२२ला त्यातल्याच काहींनी मनासारखा नसलेला नाकारून.

आणि त्याच २०२२च्या नोव्हेंबरात क्रिस कोबाक निवडून आले. श्मिट यांनी रिकाम्या केलेल्या ॲटर्नी जनरलच्या जागेवर, जेमतेम दीड टक्क्याच्या फरकाने. ९ जानेवारी २०२३ला टोपीकाच्या विधानभवनासमोर शपथविधी झाला. एकाच समारंभात लॉरा केली यांनी गव्हर्नरपदाची दुसरी शपथ घेतली, आणि कोबाक यांनी राज्याच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याची. ज्या वकिलाला सहा तासांची शिकवणी लावली होती, तो आता राज्याचा वकील होता.